यंत्र नको, कागद द्या: अमेरिकेतलं टपाली मत नेमकं जातं कुठे?

२००४ च्या जुलैमध्ये फ्लोरिडातल्या काही मतदारांच्या घरी रिपब्लिकन पक्षाचं एक पत्रक येऊन पडलं. त्यावर अध्यक्ष बुश यांचा फोटो होता आणि मजकूर साधारण असा: नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांमध्ये कागदी मतपत्रिका नसते, फेरमोजणीची वेळ आली तर तुमचं मत पडताळून पाहता येणार नाही, तेव्हा आजच टपालाने पाठवायची अ‍ॅब्सेंटी मतपत्रिका मागवून घ्या. त्या वेळी फ्लोरिडाचे गव्हर्नर होते जेब बुश. अध्यक्षांचे सख्खे भाऊ, पक्षही तोच. आणि त्यांचं सरकार लोकांना सांगत होतं की यंत्रं एकदम भरवशाची आहेत, उगाच शंका काढू नका.

पक्षाची पंचाईत झाली ती झालीच. पण ‘यंत्रावर विश्वास नाही, म्हणून टपालाने मत द्या’ हा युक्तिवाद त्या पत्रकात दोन ओळींत मावला होता. तो अमेरिकेत तेव्हापासून सतत ऐकू येतो, कधी एका पक्षाकडून, कधी दुसऱ्या. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर आपल्याकडेही लोक विचारू लागले: तिकडे म्हणे कागदावर मत मागता येतं, मग आपल्याला का नाही? तिकडे नेमकं काय मिळतं आणि त्याने काय साधतं, ते आधी पाहू.

मुळात सोय कशासाठी होती

अमेरिकेत आपल्यासारखा देशभरच्या निवडणुका घेणारा एक निवडणूक आयोग नाही. कायदे राज्यांचे, प्रत्यक्ष कारभार बहुतेक ठिकाणी काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा. त्यामुळे शेजारच्या दोन काउंट्यांमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं असू शकतात, आणि एका राज्यात चालणारी गोष्ट पलीकडच्या राज्यात गुन्हा ठरू शकते. खाली जे सांगतो आहे ते ‘अमेरिकेत असं असतं’ म्हणून न वाचता ‘अमुक राज्यात असं झालं’ म्हणून वाचावं.

अ‍ॅब्सेंटी मत म्हणजे मतदानाच्या दिवशी केंद्रावर हजर राहू न शकणाऱ्याचं मत. यादवी युद्धात आघाडीवरच्या सैनिकांना मत देता यावं म्हणून ही सोय मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. मग आजारी माणसं आली, प्रवासातली आली, परगावी शिकणारी मुलं आली. पूर्वी कारण द्यावं लागायचं. कॅलिफोर्नियाने १९७८ साली कारणाची अट काढली, पुढे इतर राज्यं हळूहळू त्या वाटेने गेली. ओरेगनने तर १९९८ मध्ये जनमत घेऊन सगळ्यांनाच मतपत्रिका टपालाने पाठवायची ठरवली आणि २००० ची अध्यक्षीय निवडणूक तशीच घेतली.

कारण विचारणंच बंद झाल्यावर लोकांनी आपापली कारणं शोधली. त्यातलं एक म्हणजे यंत्राची धास्ती.

धास्ती आली कुठून

२००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात बुश आणि त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांच्यातला फरक अखेर ५३७ मतांचा निघाला. तिथे अनेक काउंट्यांमध्ये पंच कार्डं होती. मतदाराने टोचणीने छिद्र पाडायचं आणि यंत्राने छिद्रं मोजायची. अर्धवट पडलेली छिद्रं, लोंबकळणारे कागदाचे तुकडे, भिंगातून कार्डं न्याहाळणारे अधिकारी हे सगळं जगाने टीव्हीवर पाहिलं. ही नाचक्की पुन्हा नको म्हणून ऑक्टोबर २००२ मध्ये ‘हेल्प अमेरिका व्होट’ कायदा झाला आणि जुनी यंत्रं टाकून नवी घेण्यासह मतदानव्यवस्था सुधारायला जवळपास चार अब्ज डॉलरची तरतूद झाली. एवढा पैसा दिसल्यावर विक्रेते धावले. टचस्क्रीन यंत्रं झपाट्याने आली.

या यंत्रांची अडचण समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून इथे जरा थांबू.

तुम्ही पडद्यावर उमेदवाराच्या नावाला बोट लावता. पडदा म्हणतो, मत नोंदलं. पण पडद्यावर दिसणारी खूण आणि आत स्मृतीत लिहिली गेलेली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तुम्हाला दिसत नाही, केंद्रप्रमुखालाही दिसत नाही. संध्याकाळी यंत्र बेरीज सांगतं. फेरमोजणी मागितली तर यंत्र त्याच स्मृतीतून तीच बेरीज पुन्हा सांगतं. नोंद करताना चूक झाली असेल, मुद्दाम किंवा नकळत, तर ती पकडायला यंत्राबाहेर काहीही उरलेलं नसतं. यंत्र प्रामाणिक असलं तरी ते तसं आहे हे हरलेल्या माणसाला पटवून द्यायला पुरावा नाही. माझ्या मते खरी खोट ही आहे. हॅकर वगैरे मंडळी त्यानंतर येतात.

नोव्हेंबर २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्टरेट काउंटीत हॅकर कोणीच नव्हता. मुदतपूर्व मतदानासाठी वापरलेल्या यंत्राची साठवण भरली, तरी ते मतं घेत राहिलं. मतदार आले, बोट लावलं, समाधानाने घरी गेले. ४,४३८ मतं कुठेच नोंदली गेली नाहीत आणि ती परत मिळवायला कागद नव्हता. राज्याच्या कृषी आयुक्तपदाच्या लढतीतला फरक होता सुमारे २,३०० मतांचा. म्हणजे एका काउंटीतल्या हरवलेल्या मतांनी राज्याचा निकाल लोंबकळत ठेवला. पुढच्याच वर्षी त्या राज्याने कागदी नोंद सक्तीची केली.

मेरिलँडची गोष्ट

यंत्रांवरच्या अविश्वासाने लोकांना टपालाकडे ढकललं हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते मेरिलँडमध्ये. या राज्याने जुलै २००३ मध्ये डीबोल्ड कंपनीशी टचस्क्रीन यंत्रांसाठी ५ कोटी ५६ लाख डॉलरचा सौदा जाहीर केला. त्याच महिन्यात, त्याच राज्यातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे आव्ही रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीबोल्डच्या यंत्राच्या प्रणालीचं, म्हणजे सॉफ्टवेअरचं, विश्लेषण प्रसिद्ध केलं. ही प्रणाली त्यांना कोणी चोरून दिली नव्हती. कंपनीच्या उघड्या पडलेल्या संकेतस्थळावर ती कुणालाही उतरवून घेता येत होती, आणि बेव्ह हॅरिस नावाच्या लेखिकेला ती तिथे सापडली होती. संशोधकांना दिसलं ते असं: मतांची नोंद कुलूपबंद ठेवणारी सांकेतिक किल्ली प्रणालीच्या मजकुरातच लिहून ठेवलेली, आणि मतदाराला दिलं जाणारं स्मार्ट कार्ड घरी बनवता येईल इतकं साधं.

कंपनी म्हणाली, ही जुनी आवृत्ती आहे, आणि प्रत्यक्ष केंद्रावर माणसं असतात, सीलं असतात, ते तुम्ही धरलंच नाही. या उत्तरात अर्धं तथ्य होतं. रुबिन २००४ मध्ये स्वतः बाल्टिमोर काउंटीत मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून काम करायला गेले. टीकाकाराने असं मैदानात उतरून पाहणं मला आवडलं. पण जानेवारी २००४ मध्ये राज्याच्याच सांगण्यावरून झालेल्या दुसऱ्या तपासणीत कळलं की राज्यातल्या सुमारे १६ हजार यंत्रांची कुलुपं एकसारखी आहेत, एकाची चावी सगळ्यांना चालते. २००६ च्या सप्टेंबरमध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की या प्रकारच्या यंत्राचं झाकण हॉटेलमधल्या मिनीबारला असते तसल्या चावीने उघडतं आणि मेमरी कार्डातून सोडलेला व्हायरस एका यंत्रातून दुसऱ्यात जाऊ शकतो. मधल्या काळात कंपनीच्या प्रमुखांनी बुश यांच्यासाठी निधी गोळा करताना ओहायोची मतं अध्यक्षांना मिळवून द्यायला आपण बांधील असल्याचं पत्रात लिहून ठेवलं होतं. मतदान यंत्रं विकणाऱ्या माणसाने असं वाक्य कागदावर उतरवावं, याला काय म्हणावं!

मग १२ सप्टेंबर २००६ उजाडला. पक्षांतर्गत उमेदवार निवडीचं मतदान. वॉशिंग्टनला लागून असलेल्या मॉन्टगोमरी काउंटीत यंत्रं केंद्रांवर पोचली, पण ती चालू करायला लागणारी मतदार कार्डं गोदामातच राहिली. लोक रांगेत, यंत्रं बंद. पर्यायी कागदी मतपत्रिका काही ठिकाणी संपल्या. मतदार यादीची नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत होती. रॉकव्हिल, गेदर्सबर्ग, जर्मनटाउन ही गावं याच काउंटीतली, मराठी घरंही तिथे बरीच आहेत. त्यांच्यापैकी नागरिकत्व घेतलेल्या काहींना मतदानाचा हा अनुभव आला असणारच.

यानंतर गव्हर्नर रॉबर्ट अर्लिक यांनी नोव्हेंबरसाठी कागदी मतपत्रिका आणा अशी मागणी केली. ती मान्य होईना, तेव्हा त्यांनी लोकांना सरळ सांगितलं की अ‍ॅब्सेंटी मत द्या. राज्याचा प्रमुखच राज्याच्या यंत्रांपासून दूर राहा म्हणतोय! त्याच्या काही महिने आधी राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने ही यंत्रं बदलायचा ठराव १३७ विरुद्ध शून्य मतांनी केला होता, पण वरच्या सभागृहात तो अडकला. आणखी एक गोम आहे. कारण न देता अ‍ॅब्सेंटी मत मागता यावं असा कायदा विधिमंडळाने केला, तेव्हा याच अर्लिक यांनी नकाराधिकार वापरून तो अडवला होता. विधिमंडळाने २००६ च्या जानेवारीत तो नकार मोडून काढला, म्हणून सप्टेंबरमध्ये त्यांना लोकांना हा सल्ला देता आला.

यंत्रांवर चाललेल्या या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र विसरू नये. त्या काळात या यंत्रांत फेरफार करून एखादी निवडणूक खरोखर चोरली गेली, असं सिद्ध झालेलं नाही. सिद्ध झालं ते हे, की चोरली गेली असती तर कळलं नसतं.

पाकिटाचा प्रवास

समजा, तुम्ही अर्ज केलात. मतपत्रिका घरी येते. सोबत साधारणपणे दोन पाकिटं असतात. मतपत्रिकेवर उमेदवारासमोरचा लंबगोल पेनाने पूर्ण रंगवायचा. ती घडी करून आतल्या पाकिटात घालायची, त्यावर तुमचं नाव नसतं. ते बाहेरच्या पाकिटात. बाहेरच्यावर नाव, पत्ता आणि प्रतिज्ञेखाली सही. काही राज्यांत साक्षीदाराचीही सही लागते. मग पोस्टाच्या पेटीत, नाहीतर काउंटीने ठेवलेल्या पेटीत टाका.

कार्यालयात पाकीट पोचलं की आधी बाहेरचा भाग तपासतात. मतदार यादीत आहे का, आधीच मत दिलंय का, सही आहे का. बऱ्याच राज्यांत ही सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून पाहतात. पास झालं की बाहेरचं पाकीट उघडून बाजूला करतात. आता आतल्या पाकिटाचा आणि तुमच्या नावाचा संबंध तुटला. मग मतपत्रिका काढून सपाट करतात आणि... स्कॅनरमध्ये घालतात.

यंत्र नको म्हणून टपालाने पाठवलेलं मत मोजतं यंत्रच. २००६ च्या मेरिलँडमध्ये अ‍ॅब्सेंटी मतपत्रिका वाचणारे स्कॅनर डीबोल्डचेच होते आणि सगळ्या राज्याच्या बेरजा करणारी संगणकप्रणालीही डीबोल्डचीच. ज्या कंपनीच्या टचस्क्रीनला टाळायला लोक पोस्टात गेले, तिच्याच दुसऱ्या खोक्यातून त्यांची मतं गेली. आणि स्कॅनर काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. फ्लोरिडातल्या लिऑन काउंटीचे निवडणूक अधिकारी आयन सँचो यांनी २००५ मध्ये हॅरी हर्स्टी या फिन्निश तज्ज्ञाला बोलावून चाचणी घेतली, तेव्हा नुसत्या मेमरी कार्डात छेडछाड करून स्कॅनरची बेरीज बदलता येते हे उघड झालं.

मग टपालाने काय मिळवलं? तुमच्या हाताने रंगवलेला कागद. लिऑन काउंटीत बेरीज बदलली तरी मतपत्रिका पेटीत जशाच्या तशा होत्या. हाताने मोजल्या असत्या तर चोरी उघडी पडली असती. टचस्क्रीनमध्ये ही शक्यताच नव्हती. पण ‘मोजल्या असत्या तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोणी मोजणारच नसेल, तर गठ्ठ्यात पडून राहिलेला कागद मतदाराच्या मनाच्या समाधानापलीकडे फारसं काही देत नाही.

कागद असण्या-नसण्यातला फरक नोव्हेंबर २००६ मध्ये फ्लोरिडातल्या सॅरासोटा काउंटीत आकड्यांत दिसला. तेराव्या मतदारसंघातली काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, लढत व्हर्न ब्युकॅनन यांनी ३६९ मतांनी जिंकली. आणि एकट्या सॅरासोटा काउंटीत सुमारे १८ हजार मतदारांनी बाकी लढतींना मत दिलं, पण या लढतीत कुणालाच दिलं नाही, असं यंत्रांनी नोंदवलं. टचस्क्रीनवर मत देणाऱ्यांत हे प्रमाण सातात एक इतकं होतं. आणि त्याच काउंटीतल्या अ‍ॅब्सेंटी कागदांवर? अडीच टक्के. पुढे खटले झाले, संसदेच्या लेखापालांनी यंत्रं तपासली, आणि यंत्र बिघडल्याचा पुरावा मिळाला नाही. पडद्याची मांडणीच अशी होती की ती लढत नजरेतून सुटावी, असं अनेक अभ्यासकांचं मत पडलं. मला तेही पटतं. पण त्या १८ हजारांतल्या कितींना मत द्यायचं होतं, हे कधीच कळणार नाही. टपाली मतांमुळे काहीतरी चुकलंय एवढं समजलं, गेलेलं मत मात्र परत आलं नाही. त्याच दिवशी सॅरासोटाच्या मतदारांनी कागदी मतपत्रिका हव्यात असा कौलही दिला होता, आणि २००८ पर्यंत फ्लोरिडात टचस्क्रीनच्या जागी मुख्यतः कागद आणि स्कॅनर आले. मेरिलँडने २००७ मध्ये कायदा केला, पण पैशाअभावी तो रखडत रखडत २०१६ मध्ये अमलात आला.

टपालाचे स्वतःचे रोग

केंद्रावर तुम्ही मत देता तेव्हा पडद्याआड एकटे असता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकटे असालच असं नाही. घरातल्या कर्त्या माणसाने चार मतपत्रिका समोर मांडून ‘इथे, इथे आणि इथे रंगवा, सह्या करा’ म्हटलं, तर किती घरांत कुणी नाही म्हणेल? आपल्या घरांकडे पाहून मला तरी याची खात्री वाटत नाही. यंत्राच्या चर्चेत हा धोका कोणी मांडत नाही, कारण तो मोजता येत नाही.

मोजता येणारे धोकेही आहेत. २०१६ मध्ये परत आलेल्या टपाली मतांपैकी सुमारे एक टक्का, म्हणजे तीन लाखांहून जास्त, बाद झाली. कारणं साधी होती: पाकीट उशिरा पोचलं, सही राहिली, सही जुळली नाही. पहिल्यांदा टपालाने मत देणाऱ्यांचं जास्त चुकतं. स्थलांतरितांना सहीची आणखी एक अडचण आहे. बँकेत देवनागरी सही आणि लायसन्सवर इंग्रजी, अशी दोन घरं ज्यांच्या सहीला आहेत, त्यांनी नोंदणीच्या वेळी कुठली केली होती ते आठवून पाकिटावर तीच करावी. अनेक राज्यांत सही न जुळल्यास कळवतात आणि दुरुस्तीला मुदत देतात. पाकीट कुठवर पोचलं ते बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन बघता येतं.

आणि थेट लबाडी? क्वचित होते, पण झाली की जबरदस्त होते. मायामीत १९९७ च्या महापौर निवडणुकीत अ‍ॅब्सेंटी मतांचा इतका गैरप्रकार निघाला की न्यायालयाने ती सगळी मतं रद्द केली आणि हरलेले जो कारोलो महापौर झाले. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात संसदेच्या नवव्या मतदारसंघात ९०५ मतांनी निवडून आलेल्या उमेदवाराच्या प्रचारासाठी काम करणाऱ्या माणसाने घरोघरी जाऊन टपाली मतपत्रिका गोळा केल्याचं बाहेर आलं. राज्य मंडळाने निकालाला मान्यता दिली नाही, निवडणूक नव्याने घ्यावी लागली. म्हणजे यंत्राचा दोष एका फटक्यात हजारो मतं खाऊ शकतो आणि कळत नाही. टपालातली लबाडी दारोदार फिरून करावी लागते, तिला माणसं लागतात, आणि माणसं बोलतात.

अशी निवड आहे. यंत्रावरचा विश्वास काढून तुम्ही तो पोस्टमनवर, सही तपासणाऱ्या कारकुनावर, घरातल्या माणसांवर आणि शेवटी पुन्हा एका यंत्रावर ठेवता.

दोन बेरजा जुळत नाहीत, मग?

टपाली मतांत एक पक्ष पुढे आणि यंत्रांत दुसरा, म्हणजे यंत्रात गडबड, हे गणित आपल्याकडे निकालानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. अमेरिकेत २०२० मध्ये हेच उलटं फिरलं. कोविडमुळे त्या वर्षी सुमारे ४३ टक्के मतदारांनी टपालाने मत दिलं. ट्रम्प आपल्या समर्थकांना टपालावर विश्वास ठेवू नका असं महिनोन् महिने सांगत होते, त्यामुळे टपालाने मत देणारे मोठ्या संख्येने डेमोक्रॅट निघाले. पेन्सिल्वेनियात कायद्याने पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नव्हती. परिणामी रात्री ट्रम्प पुढे, तीन दिवसांनी मागे. अनेकांना ती चोरी वाटली. २००४ मध्ये टपाल सुरक्षित म्हणणाऱ्याच पक्षाला २०२० मध्ये ते चोरांचं हत्यार वाटू लागलं होतं.

दोन्हीकडे चूक एकच. टपालाने मत देणारे आणि केंद्रावर जाणारे हे वेगळे लोक असतात. आपल्याकडे टपाली मतं असतात सैनिकांची, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्यांची, ८५ वर्षांवरच्या वृद्धांची, दिव्यांगांची, अत्यावश्यक सेवेतल्या लोकांची. जुन्या पेन्शनवरून चिडलेले शिक्षक आणि कारकून वेगळं मत देणारच. त्या बेरजेवरून यंत्राबद्दल काही ठरत नाही.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. भारतात यंत्रावर विश्वास नाही म्हणून टपाली मतपत्रिका मागता येत नाही. वरच्या यादीत बसत असाल तरच अर्ज करता येतो. नागपूरचा मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर त्याने मतदानाला नागपूर गाठायचं. परदेशातल्या भारतीय नागरिकाचं नाव यादीत येऊ शकतं, पण त्यालाही पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर उभं राहावं लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच मतपत्रिका छापून पडताळणीसाठी मतदान घ्यायचं ठरवलं, ते त्यामुळेच. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते रद्द करावं लागलं.

संख्येने कमी असली तरी आपल्याकडची टपाली मतं कधीकधी सगळं उलटवतात. २०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्य मतदारसंघात यंत्रांतल्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ मतं होती आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. एका मताची आघाडी. टपालात वायकर यांना १,५५०, कीर्तिकर यांना १,५०१. वायकर ४८ मतांनी खासदार झाले. साडेचार-साडेचार लाख मतांची यंत्रं जवळपास बरोबरीत सुटली आणि निकाल पाकिटांनी लावला. त्यात बाद ठरवलेली पाकिटं होतीच, आणि वादही त्यांच्यावरून झाला.

कागद मोजायचा कोणी, किती

सगळे कागद हाताने मोजायचे तर अमेरिकेत ते जिकिरीचं आहे. एकाच मतपत्रिकेवर अध्यक्षापासून शाळा मंडळापर्यंत वीस-तीस लढती असतात. म्हणून तिथल्या संख्याशास्त्रज्ञांनी, त्यात बर्कलीचे फिलिप स्टार्क प्रमुख, आपल्या शितावरून भाताची परीक्षा करण्याच्या रीतीला गणिताची शिस्त लावली. निकाल लागल्यावर सोडतीने काही मतपत्रिका काढायच्या आणि हाताने वाचायच्या. विजयाचा फरक मोठा असेल तर थोड्या पुरतात, लहान असेल तर जास्त लागतात. हातात आलेले कागद जाहीर निकालाला पुरेसा दुजोरा देत नाहीत तोवर काढत राहायचं, आणि दुजोरा मिळतच नसेल तर सगळेच मोजायचे. यंत्र कुणाचं, आत कुठली प्रणाली, कोणी हॅक केली, हे काही विचारायची गरज उरत नाही. कोलोरॅडोने २०१७ मध्ये राज्यभर ही पद्धत सुरू केली. मतपत्रिका कुठल्या मार्गाने आली याने त्यात फरक पडत नाही. पोस्टातून आली काय नि केंद्रावरच्या पेटीतून काय, कागद असला म्हणजे झालं.

जॉर्जियाचं उदाहरण यात सगळ्यात बोलकं. हे राज्य २००२ पासून डीबोल्डच्या बिनकागदी यंत्रांवर होतं. २०१९ मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्यांना ती यंत्रं २०२० पासून वापरायला मनाई केली. नवी व्यवस्था अशी: पडद्यावर निवड करा, यंत्र कागद छापून देईल, तो स्कॅनरमध्ये घाला. नोव्हेंबर २०२० मध्ये बायडन यांचा विजय सुमारे १२ हजार मतांचा होता, तेव्हा राज्याने जवळपास ५० लाख कागद, टपालाने आलेल्यांसह, हाताने मोजले. निकाल तोच आला. जुनी यंत्रं असती तर त्या महिन्यात राज्याकडे दाखवायला काहीच नसतं.

पण त्या छापील कागदावरही एक मेख होती. मतदाराला वाचता यावीत म्हणून उमेदवारांची नावं छापलेली असतात, मात्र स्कॅनर वाचतो बाजूचा क्यूआर कोड. तो माणसाला वाचता येत नाही. मी पाहिलेला कागद आणि मोजलेला कागद एकच आहे याची खात्री काय, असा प्रश्न तिथे इतका तापला की २०२४ मध्ये कायदा झाला: १ जुलै २०२६ नंतर जॉर्जियात मतं मोजायला क्यूआर कोड चालणार नाही.

आपल्याकडे कागद आहे. व्हीव्हीपॅटच्या खिडकीत सात सेकंद दिसणारी चिठ्ठी पेटीत पडते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राशी ताडल्या जातात. मतदारसंघात फरक ४८ असो की दोन लाख, संख्या पाचच. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. त्याच निकालपत्रात न्यायालयाने निवडणूक आयोगाला दोन सूचना तपासून पाहायला सांगितल्या. चिठ्ठ्या मोजायला यंत्र वापरता येईल का, आणि ते सोपं जावं म्हणून चिठ्ठीवर पक्षाच्या चिन्हासोबत बारकोड छापता येईल का.